देवलीची छावणी

तुरुंग आणि स्थानबद्धांची छावणी यांत कुंपण, पहारा आणि कुलूप ही सारखीच असतात. भेद असतो तो माणूस आत का आला यात. कैद्याने काही केले असे सिद्ध झालेले असते, निदान तसा आरोप तरी असतो. स्थानबद्ध मात्र पुढे तो काही करील या संशयावरून, किंवा तो कोण आहे एवढ्यावरूनच, आत येतो. म्हणून त्याच्या सुटकेचा दिवसही बहुधा कोठे लिहिलेला नसतो.

राजस्थानातील देवली येथील छावणीत हा अर्थ दोनदा बदललेला दिसतो. ब्रिटिश अमदानीत तेथे राजकीय विरोधकांना ठेवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जयप्रकाश नारायण आणि श्रीपाद अमृत डांगे तेथे होते. वस्तीपासून दूर, रुक्ष मुलखातली ही जागा निवडण्यात हेतू उघड होता : माणसे त्यांच्या प्रांतापासून व आप्तांपासून तोडावयाची. १९४१ साली स्थानबद्धांनी तेथे दीर्घ उपोषण केले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेही प्रतिबंधक स्थानबद्धता ठेवली, पण अनुच्छेद २२ने तिला मर्यादा घातल्या. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविली पाहिजेत, आणि सल्लागार मंडळाच्या अनुकूल अभिप्रायावाचून तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नाही. ही तरतूद करणाऱ्यांत अनेकजण स्वतः स्थानबद्धता भोगलेले होते, हे विसरता येत नाही.

१९६२च्या चीनबरोबरच्या युद्धात देवलीची दारे पुन्हा उघडली. आसामातील माकूम, तसेच शिलाँग, दार्जिलिंग येथून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, मुलाबाळांसह, आगगाडीने तेथे आणण्यात आले. त्यांत सुतार होते, चर्मकाम करणारे होते, उपाहारगृहे चालविणारे होते. कित्येकांचा जन्म भारतातच झालेला होता. युद्ध महिन्याभरात थांबले. छावणी मात्र चालूच राहिली. काहीजण १९६३ साली मद्रासहून जहाजांनी चीनला गेले, आणि शेवटचे स्थानबद्ध सुटले ते १९६७ साली. परतलेल्यांपैकी काहींना आपली घरेदारे लिलावात गेलेली आढळली.

आसामात पुढे निराळ्या कारणाने अशी केंद्रे निघाली. परकीय न्यायाधिकरणाने परदेशी ठरविलेल्यांना तुरुंगांतच राखलेल्या भागांत ठेवले गेले. येथे हेतू शिक्षेचा नव्हे, परत पाठवणीचा. परंतु घेणारा देशच नसेल तर हा मुक्काम संपावयाचा कधी? १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांना जामीन व हजेरीच्या अटींवर सोडण्याचा मार्ग खुला केला. एप्रिल २०२०मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली.