मुलाची शुद्ध हरपल्यास : शिक्षकांसाठी प्रथमोपचाराचा पाठ

समजा, दिंद्रुडच्या शाळेत परिपाठ चालू आहे. प्रार्थना संपून दिनविशेष सांगण्यास आरंभ झाला आहे, इतक्यात रांगेतील एक मुलगा अकस्मात खाली कोसळतो. त्याचे अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडास फेस येतो. मुले घाबरून मागे सरतात. कोणी पाण्यासाठी धावतो, कोणी कांदा शोधतो, कोणी पायातील चप्पल काढून मुलाच्या नाकाशी धरतो, तर एखादा जाणता गृहस्थ दातखीळ उघडण्यासाठी चमचा मागतो. सर्वांचा हेतू चांगलाच असतो. परंतु यांपैकी एकाही उपायाने मुलाचे हित होत नाही, आणि पाणी व चमचा यांनी तर अपायच होतो. काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, हे ठाऊक असलेला एक तरी मनुष्य अशा वेळी तेथे असावा लागतो. शाळेत तो मनुष्य म्हणजे शिक्षक होय.

१. आकडी किंवा फेफरे

मेंदूचे कार्य सूक्ष्म विद्युत्संदेशांवर चालते. हे संदेश काही काळ अनियंत्रित झाले म्हणजे झटके येतात. वारंवार झटके येण्याच्या विकारास लोक फेफरे, मिरगी किंवा फिट म्हणतात. चरकसंहितेत अपस्मार या नावाने त्याची चिकित्सा सांगितलेली आहे. हा रोग आहे, बाहेरची बाधा नव्हे, आणि तो स्पर्शाने पसरत नाही.

शिक्षकाने प्रथम घड्याळ पाहावे. मुलाजवळचे बाक, दगड व टोकदार वस्तू दूर कराव्यात. डोक्याखाली घडी केलेले उपरणे किंवा मऊ दप्तर ठेवावे. गळ्याजवळची गुंडी सैल करावी. झटके ओसरताच मुलास एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते व श्वासमार्ग मोकळा राहतो. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोणीतरी जवळ बसावे.

हातपाय दाबून धरू नयेत. त्याने झटके थांबत नाहीत, उलट हाड मोडण्याची भीती असते. तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालू नये. जीभ गिळली जाते हा समज खोटा आहे. चमच्याने मात्र दात मोडतो व त्याचा तुकडा घशात जाऊ शकतो. शुद्ध नसताना पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कांद्याने वा चपलेने झटका थांबत नाही. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून श्रेय कांद्यास मिळते, इतकेच.

झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, मुलास आयुष्यात प्रथमच झटका आला, इजा झाली, श्वास घेणे कठीण झाले किंवा मुलास मधुमेह असला, तर १०८ क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य चालू आहे.

शुद्धीवर आलेले मूल काही वेळ गोंधळलेले असते. त्याचे कपडे ओले झालेले असू शकतात. त्यावर पांघरूण घालावे व इतर मुलांस वर्गात पाठवावे. झटक्यापेक्षा त्यानंतरचे हसणे मुलाच्या मनास अधिक काळ लागून राहते.

फेफऱ्याचा एक प्रकार असा आहे की, त्यात मूल कोसळत नाही. ते काही सेकंद शून्यात पाहते, हाक मारल्यास उत्तर देत नाही, आणि मग काही घडलेच नाही अशा रीतीने लिहू लागते. श्रुतलेखनात मधलेच शब्द वारंवार गाळणाऱ्या मुलास दुर्लक्षी म्हणून शिक्षा करण्यापूर्वी ही शक्यता मनात आणावी व पालकांना वैद्यांकडे पाठवावे.

२. रक्तातील साखर कमी होणे

मधुमेह हा केवळ वयस्कांचा रोग नव्हे. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयार होईनासे होते व त्यांना ते रोज टोचून घ्यावे लागते. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागला, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलास ते प्रथम देण्यात आले. तोपर्यंत अशी मुले फार काळ जगत नसत.

इन्सुलिन घेतल्यावर जेवणास उशीर झाला किंवा मूल फार खेळले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम येतो, हात कापतात, भूक लागते, चेहरा पांढरा पडतो, मूल चिडते किंवा असंबद्ध बोलते. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन ते चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. साखर नसल्यास गूळ चालेल. दहा ते पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच द्यावी. बरे वाटताच भाकरी किंवा बिस्किटे खाऊ घालावीत. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला कळवावे. इन्सुलिन शिक्षकाने आपल्या मताने कदापि देऊ नये.

३. साखर फार वाढणे

ही अवस्था हळूहळू येते. मूल वारंवार लघवीस जाते, सारखे पाणी पिते, वाळत जाते. पुढे उलट्या, पोटदुखी, दीर्घ व जलद श्वास आणि तोंडास फळासारखा वास ही लक्षणे दिसतात. असे मूल घरी पाठवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वारंवार लघवीची परवानगी मागणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वी शिक्षकाने हे स्मरावे.

४. भोवळ व उष्माघात

उपाशीपोटी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलास भोवळ आल्यास त्यास सावलीत उताणे निजवावे व पाय किंचित उंच करावेत. एखाद-दोन मिनिटांत शुद्ध येते. परंतु उन्हात खेळलेल्या मुलाचे अंग अतिशय तापले असून ते बरळू लागले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ ला कळवावे. बेशुद्ध मुलाचा श्वासच बंद असल्यास छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देत राहावे. ही क्रिया आरोग्य केंद्रातील वैद्यांकडून प्रत्येक शिक्षकाने प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

५. आधीची तयारी

या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडणीस जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात, तर काही आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातात. मुलाचा आजार आईस ठाऊक, गोळीची वेळ आईस ठाऊक, आणि आई ऊसाच्या फडात. गोळी चुकणे हे झटका येण्याचे एक मोठे कारण आहे. म्हणून मुख्याध्यापकांनी तोडणीपूर्वीच पालकांस भेटून आजार, औषध, त्याची वेळ व वैद्यांचे नाव लिहून घ्यावे. कारखान्यावर जाणाऱ्या मुलाजवळ याच माहितीची चिठ्ठी द्यावी. पेटीत साखरेची पुडी व घड्याळ असावे.

पुष्कळ पालक मुलीचा आजार लपवितात, कारण लग्नाची चिंता असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके ही विवाहास बाधा मानली होती. १९९९ साली तो उल्लेख वगळण्यात आला. हे पालकांस समजावून सांगावे, व मिळालेली माहिती शाळेबाहेर जाऊ देऊ नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस आले म्हणजे अशी मुले आवर्जून दाखवावीत.

६. वर्गात घ्यावयाचा पाठ

चौथीपासून पुढे एक तासिका पुरेशी आहे. एका मुलास चटईवर निजवून कुशीवर कसे वळवावे, हे प्रत्येकाकडून करवून घ्यावे. नंतर विचारावे : घड्याळ का पाहावयाचे? तोंडात काय घालावयाचे? बेशुद्ध मुलास साखर द्यावयाची काय? दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्व वर्गाने एका स्वरात “काही नाही” व “नाही” असे दिले, म्हणजे पाठ साधला. ही मुले घरी जाऊन आजीस तेच सांगतील, आणि पुढच्या वेळी चमचा चुलीजवळच राहील.