भाड्याची शाळा आणि घरपट्टी

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, शाळेच्या कार्यालयात गेली. पगारबिलं आणि संचमान्यतेच्या जोडीला भाड्याच्या इमारतीची एक फाइल कायम टेबलावर असायची. संस्थेची स्वतःची जागा नसली की शाळा कुणाच्या तरी वाड्यात, जुन्या गोदामात, घराच्या वरच्या मजल्यावर भरते. त्या जागेची घरपट्टी कोण भरणार आणि ती माफ होते का, हा प्रश्न मार्च आला की उभा राहायचा. त्या फाइलीनं जे शिकवलं ते लिहितो. शाळा चालवणाऱ्यांना आणि शाळेला जागा देणाऱ्यांना उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

1. कर कोण घेतं, ते आधी पाहा

आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर इथं नगरपरिषदा आहेत. केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी इथं नगरपंचायती. बाकी सगळीकडे ग्रामपंचायत. पहिल्या दोघींना 1965 चा कायदा लागू, ग्रामपंचायतीला 1958 चा कायदा आणि 1960 चे कर व फी नियम. पुण्या-मुंबईच्या एखाद्या शाळेला मिळालेल्या करमाफीचं पत्र जोडून अर्ज करणारे मी पाहिलेत. ते पत्र इथं चालत नाही, कारण तिथला कायदाच निराळा.

2. लेकरं शिकतात म्हणून घर करमुक्त होत नाही

आमच्या इमारतीचे मालक वयानं मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दर वर्षी बिल हातात घेऊन यायचे. "भाऊसाहेब, माझ्या घरात लेकरं शिकत्यात, मग पट्टी कशाची?" माणूस मनापासून विचारत होता, आणि उत्तर द्यायला मला कायदा नीट वाचावा लागला.

मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यातलं कलम 143 आणि इतर महापालिकांच्या 1949 च्या कायद्यातलं कलम 132 जवळपास एकच सांगतात. जागा केवळ धर्मादाय कामासाठी वापरली जात असेल तर सर्वसाधारण कर माफ. पण त्या जागेतून भाडं मिळत असेल तर माफी नाही. ते भाडंही धर्मादाय कामालाच लागत असेल, तरच माफी मिळते. ही कलमं बीडला लागू नाहीत, पण आमच्या अर्जांवर इथंही हेच दोन प्रश्न निघाले: आत काय चालतं, आणि भाडं कुणाच्या खिशात जातं.

म्हणून संस्थेची स्वतःची इमारत असेल तर अर्जात बळ असतं. एखाद्या देवस्थानाची किंवा ट्रस्टची जागा असेल आणि भाडं त्याच्याच कामाला लागत असेल, तरीही भांडायला जागा असते. खासगी मालक भाडं घरी नेत असेल तर अर्ज लंगडाच राहतो.

त्यात 1992 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, दिल्ली महापालिका विरुद्ध चिल्ड्रन बुक ट्रस्ट. दिल्लीच्या कायद्यावरचा असला तरी सगळीकडे दाखवला जातो. नुसतं शिक्षण देणं म्हणजे धर्मादाय काम नव्हे, संस्थेला लोकांच्या ऐच्छिक देणग्यांचा आधार असला पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं. त्यामुळे अर्जासोबत ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा, लेखापरीक्षित हिशेब आणि देणग्यांच्या पावत्या हव्यातच. फी किती, देणगी किती, हे कागदावर वेगवेगळं दिसलं पाहिजे.

माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे. नफ्यासाठी भाडं घेणाऱ्या मालकाला माफी मिळू नये, हे बरोबरच. पण त्याचा भार शेवटी शाळेवर येतो, कारण मालक तो कर भाड्यात चढवतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सरकारी शाळेला दिलेल्या खासगी जागेवर कर माफ होतो, मात्र माफीची रक्कम भाड्यातून कमी होऊन शाळेपर्यंत पोचली पाहिजे, अशी अट आहे. मला हे फार पटतं. आपल्याकडे असा नियम व्हावा असं मी अनेकांना बोलून दाखवलं आहे. त्या पैशात उन्हाळ्यात पोरांसाठी पाण्याचे टँकर येतील.

3. कराची ओळ करारात हवी

नियम होईल तेव्हा होईल. तोवर करार आपल्या हातात आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. त्यात लिहून घ्या: घरपट्टी कोण भरणार, आकारणी वाढली तर फरक कोणाचा, आणि सूट मिळाली तर तेवढं भाडं कमी होणार. अण्णांनी ही तिसरी ओळ आनंदानं मान्य केली. "लेकरांचं आहे ते लेकरांनाच," म्हणाले.

4. करारातलं भाडं आकारणीत उतरतं

नगरपरिषदेत वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. समजा महिना 20,000 भाडं, वर्षाचं 2,40,000, वजावटीनंतर 2,16,000. कर या आकड्यावर बसतो. ग्रामपंचायतीत 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर आली. तिथं भाड्यापेक्षा क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर महत्त्वाचा. म्हणून नमुना 8 चा उतारा काढून वापराचा रकाना पाहा. शाळा 'वाणिज्य' म्हणून लागली असेल तर माफीच्या आधी ती दुरुस्ती मागा.

5. दर्शनी गाळे वेगळे दाखवा

खाली किराणा दुकान, झेरॉक्स, वर वर्ग, असं चित्र प्रत्येक तालुक्यात दिसतं. अशा इमारतीचा अर्ज एकत्र गेला की दुकानांमुळे सगळाच फेटाळला जाण्याची भीती असते. मोजमाप करून शाळेचा भाग वेगळा दाखवा, नकाशा जोडा.

6. बिलातली प्रत्येक ओळ वाचा

घरपट्टी माफ म्हणजे बिल शून्य नव्हे. पाणीपट्टी, शिक्षण कर, वृक्ष कर वेगळे असतात. बिगरनिवासी इमारतीला रोजगार हमी कर लागतो. कोणत्या ओळीची सूट मागतो आहोत, ते अर्जात नाव घेऊन लिहा.

7. वसतिगृहाला घर देणाऱ्यांसाठी

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. सुरुवात भाड्याच्या इमारतींतून झाली. आई-बाप फडावर असताना पोरं गावातच शिकावीत, यासाठी आपलं घर देणं ही मोठी गोष्ट आहे. घर जरूर द्या. मात्र भाडेकरू सरकार आहे म्हणून कर आपोआप माफ होईल, असं धरून चालू नका. भाडं ठरवताना सार्वजनिक बांधकाम खात्याचं भाडे प्रमाणपत्र घेतात, त्यात कर धरला आहे का, हे सही करण्याआधी विचारा.

8. अर्ज वेळेत, पोच हातात

नगरपरिषदेची आकारणी चार वर्षांनी नव्यानं होते. यादी लागली की हरकतीची मुदत सुरू होते. तेव्हाच अर्ज टाका, आवक क्रमांक घ्या, नकार आला तर कलमासहित लेखी मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. वाद चालू असला तरी कर 'हरकत राखून' भरत राहा, थकबाकीवर व्याज चढतं. आणि भरल्याची पावती मालकाच्या नावावर असली तरी एक प्रत शाळेच्या फाइलीत लावा. पुढच्या भाऊसाहेबाला ती लागणार आहे.