पणजोबांच्या मागे कोण होते?

प्रश्न : आजोबा तासगाव तालुक्यातून गिरणीत कामाला आले आणि माधवनगरचेच झाले. पणजोबांच्या मागचे एकही नाव आम्हाला ठाऊक नाही. शोध कुठून सुरू करावा?
– एक वाचक, माधवनगर

उत्तर : मूळ गावापासून. आधी तिथल्या भावकीला विचारा, तुमचे हेळवी कोण? सांगली-कोल्हापूर आणि सीमाभागात हेळवी घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. सुगीनंतर बैलावर बसून ते येत, नवी नावे वहीत चढवत आणि जुनी मोठ्याने म्हणून दाखवत. कागदात न सापडणारे पूर्वज त्यांच्याकडे सापडतात. माझा त्यांच्यावर फार भरवसा आहे.

मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि वारसाचे जुने फेरफार पाहा. बरेच कागद मोडीत असतील; वाचणारा जाणकार सोबत न्या. १९४९ पर्यंत तासगाव सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा त्या वर्षी वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली हे नाव पडले. म्हणून जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसले तर तो बाजूला टाकू नका.

एक कळकळीची विनंती : आजी, पणजी यांची माहेरची नावे आणि गावेही लिहा. सरकारी वारसनोंदीत ती क्वचितच येतात. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला ती आजच विचारा, तिचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा.