अर्धशिशी

गुडघा फुटला तर रक्त दिसते. ताप आला तर अंग हाताला कढत लागते. परंतु 'डोके दुखते' असे म्हणणाऱ्या मुलाजवळ दाखवावयास काहीच नसते. म्हणून शाळा चुकविण्याचे हे सोंग आहे, असा ठपका त्याच्यावर पुष्कळदा येतो.

डोकेदुखीचा एक प्रकार फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील 'अर्धावभेदक' म्हणजे जणू अर्धे डोके भेदणारा रोग. मराठीत त्याला आपण अर्धशिशी म्हणतो. डॉक्टर मायग्रेन म्हणतात. तो शब्दही 'अर्धे डोके' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. तथापि मुलांमध्ये ही वेदना बहुधा कपाळावर किंवा दोन्ही बाजूंना होते. डोके ठणकते, मळमळते, कधी वांती होते. उजेड व गोंगाट सोसवत नाही. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. मुलांची अर्धशिशी कधीकधी दोन तासांतही ओसरते. म्हणून सायंकाळी खेळणारे मूल दुपारी खोटे बोलले, असे समजू नये.

हा विकार पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. मात्र कळ उठण्यास काही निमित्त होते. राहुरीच्या परिसरातील एखाद्या वस्तीवरचा मुलगा रात्री जागतो, सकाळी न्याहारी न करताच सायकलीवरून शाळेस निघतो आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. वर चैत्राचे ऊन! अशा वेळी त्याचे डोके ठणकू लागले, तर नवल ते काय? भूक, तहान, ऊन, अपुरी झोप व परीक्षेची चिंता ही अर्धशिशीची नेहमीची निमित्ते होत.

कळ उठताच शिक्षकांना किंवा घरच्यांना सांगावे. पाणी पिऊन अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहावे. झोपेने पुष्कळ आराम पडतो. औषध डॉक्टरांनी सांगितलेले व वेळेवर घ्यावे. मोठ्यांची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने डोकेदुखी उलट वाढते. एका वहीत दुखण्याचा दिवस, वेळ, आदल्या रात्रीची झोप व त्या दिवशीचे खाणे लिहून ठेवावे. ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

परंतु डोक्यास मार लागल्यावर दुखू लागले, तापाबरोबर मान ताठली, हातपाय लुळे पडले, आकडी आली किंवा एकाएकी असह्य कळ उठली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मुलांनो, तुमच्या शेजारी बसणाऱ्याने डोके धरले, तर त्याला हसू नका. खिडकी लोटून घ्या, आवाज कमी करा, गुरुजींना बोलवा. न दिसणारे दुःख ओळखणे, हे सुजाण मनाचे लक्षण होय.

स्वाध्याय

१. अर्धशिशी झालेल्या मुलावर सोंगाचा ठपका का येतो?
२. अर्धशिशीची निमित्ते कोणती? त्यांपैकी कोणती तुम्हांस टाळता येतील?
३. डोकेदुखीच्या वहीत काय काय लिहावे?