संमोहन : शक्ती कोणाची?

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाची शैक्षणिक सहल गोव्यास गेली होती. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी असलेल्या एका पुतळ्यापाशी मुले थबकली. पायघोळ झगा घातलेला पुरुष, त्याचे पुढे पसरलेले दोन्ही हात आणि त्या हातांखाली मागे कललेली एक स्त्री. "सर, हा भगत आहे का? बाईचं भूत उतरवतोय?" आठवीतील एका मुलाने विचारले. बाकीची मुले हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलाने असे दृश्य आपल्या वस्तीत प्रत्यक्ष पाहिले होते.

तो पुतळा आबे फारिया यांचा. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडविला. जोझे कुस्तोदिओ द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी येथे झाला. पंधराव्या वर्षी ते वडिलांसह लिस्बनला गेले, रोममध्ये धर्मशास्त्राचे पंडित झाले आणि पाद्री म्हणून दीक्षित झाले. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध १७८७ साली गोव्यात झालेल्या पिंटोंच्या कटाशी या पिता-पुत्रांचा संबंध असल्याचा संशय घेतला गेला, आणि पुढच्याच वर्षी फारिया पॅरिसला गेले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा वडिलांनी खालून कोकणीत कुजबुज केली की, ही सगळी भाजी आहे, काप ही भाजी! आणि त्यांची वाणी मोकळी झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, एका वाक्याने मनुष्याचे मन कसे पालटते, या प्रश्नाने फारियांना पुढे आयुष्यभर सोडले नाही, एवढे खरे.

त्या काळी पॅरिसमध्ये व्हिएन्नाहून आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्याची कीर्ती झाली होती. प्राण्यांच्या देहात चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह वाहतो, आपण तो रुग्णाच्या अंगात सोडतो आणि रोग हटतो, असा त्याचा दावा होता. रुग्णांना झटके येत, ते किंचाळत, बेशुद्ध पडत. आपल्याकडील अंगात येणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी मंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एक प्रयोग झाला. मेस्मरच्या शिष्याने एका झाडात 'प्रवाह' सोडला आणि सुमारे बारा वर्षांच्या एका मुलास, डोळ्यांवर पट्टी बांधून, एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छित पडला. प्रवाह सोडलेले झाड भलतेच होते! प्रवाह नाही, ही कल्पनेची करामत आहे, असा निष्कर्ष मंडळाने काढला. निष्कर्ष योग्यच होता; परंतु केवळ कल्पनेने मुलगा खरोखर बेशुद्ध पडतो, हीच गोष्ट अभ्यासण्याजोगी आहे, हे मंडळाच्या ध्यानी आले नाही.

ते फारियांच्या ध्यानी आले. ऑगस्ट १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. ते हातवारे करीत नसत, चुंबक वापरीत नसत. समोरच्यास खुर्चीत स्वस्थ बसवून, मन एकाग्र करावयास सांगून, "झोपा" एवढीच आज्ञा देत. त्यांचे म्हणणे असे की, माझ्यात कोणतीही शक्ती नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते. म्हणूनच काही जण चटकन झोपतात, काही मुळीच झोपत नाहीत. पणजीतील तो पुतळा पाहताना आम्हांस हेच खटकते. जन्मभर जे नाकारले, तेच शिल्पात त्यांच्या हातांतून वाहताना दिसते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. १८१९ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, फारियांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावर, धर्माने ख्रिस्ती आणि पॅरिसवासी असूनही, त्यांनी आपल्या नावापुढे 'ब्राह्मण' ही उपाधी लावली आहे. सूचनेचा मनावरील परिणाम ज्याने ओळखला, त्याच्या मनावरची जन्माची सूचना मात्र पुसली गेली नव्हती.

पुढे १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने या विद्येस 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये तिला उपचारातील एक उपयुक्त साधन म्हणून मान्यता दिली. आज वेदना, प्रसूतीची भीती, चिंता, पोटाचे काही दीर्घकालीन विकार यांत संमोहनाचा उपयोग होतो, तोही अन्य उपचारांच्या जोडीला. ते झोप नव्हे. ते एकाग्र अवधान आहे. विस्मृतीतील घटना त्यातून हमखास खऱ्या बाहेर येतात, हा समज तर घातक आहे. कधीही न घडलेल्या घटना 'आठवू' लागतात. गतजन्म सांगणाऱ्यांचा धंदा यावरच चालतो. तपासल्यावाचून स्वीकारू नका, हे कालामांना सांगितलेले तत्त्व येथेही लागू आहे. पालकांनी मुलाच्या भीतीसाठी संमोहनाचा विचार करावा, पण तो मानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा शिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. "एका बैठकीत गुण येईल" असे म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावे.

हा सल्ला आम्ही देतो आहोत, पण एकदा आम्हीच तो पाळला नाही. 'संमोहनाने दहावीत हमखास यश' असा फलक घेऊन एक गृहस्थ विद्यालयात आले आणि आम्ही त्यांना सभागृह दिले. त्यांनी पाच मुले मंचावर घेतली. एकास कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खावयास लावला, दुसऱ्यास कोंबडा करून आरवावयास लावले. सभागृह हसत होते; पहिल्या रांगेत बसलेले आम्हीही हसत होतो. आरवणारा मुलगा ऊसतोड मजुराचा, वर्गात कमी बोलणारा. पुढे तीन दिवस तो भोजनगृहात आला नाही. चौथ्या दिवशी आम्ही त्यास जवळ बसवून विचारले, "तुला खरोखर झोप लागली होती का रे?"

"नाही सर," तो म्हणाला. "सगळं कळत होतं. पण तुम्ही समोर बसला होता ना. नाही कसं म्हणू?"

त्या वर्षापासून आपल्या सभागृहात असा कार्यक्रम झालेला नाही.