कळ, अंक आणि अर्थ : लॅपटॉपच्या विशेष कळांची व्यवस्था

लॅपटॉपच्या कळफलकावर दोन प्रकारच्या कळा असतात. पहिल्या प्रकारच्या कळांनी अक्षरे व अंक उमटतात. दुसऱ्या प्रकारच्या कळांनी यंत्राचेच एखादे कार्य घडते. पडद्याचा उजेड कमीअधिक करणे, आवाज वाढविणे, मायक्रोफोन बंद करणे, बिनतारी संपर्क तोडणे ही अशी कार्ये होत. या दुसऱ्या वर्गास प्रस्तुत पाठात ‘विशेष कळा’ असे म्हटले आहे. बहुधा त्या सर्वांत वरच्या ओळीत असतात, त्यांवर सूर्य, कर्णा अशी लहान चित्रे काढलेली असतात, आणि पुष्कळ यंत्रांत ‘एफएन’ ही कळ सोबत दाबली असताच त्यांचे कार्य होते.

‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यापुढील आवृत्ती चालविण्यास अपात्र ठरलेले कित्येक लॅपटॉप अन्यथा धडधाकट आहेत. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसविली असता बहुतेक भाग आपोआप चालू लागतात. परंतु कधी कधी एखादी विशेष कळ मुकी राहते. यंत्र बिघडले अथवा प्रणालीच कुचकामी आहे, असा निष्कर्ष मालक काढतो आणि चांगले यंत्र अडगळीत जाते. हे दोन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे असतात. कळ बोलत असते; तिचे बोलणे कोठेतरी वाटेत हरवलेले असते. ते कोठे हरवले, हे शोधण्याची रीत सांगणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. कळ काय पाठविते?

कळेवर ‘के’ हे अक्षर छापलेले असले तरी कळफलक ते अक्षर पाठवीत नाही. कळांच्या खाली तारांच्या आडव्या व उभ्या ओळींची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी ओळ जोडली जाते. लॅपटॉपमध्ये ‘अंतःस्थापित नियंत्रक’ नावाचा एक लहानसा स्वतंत्र संगणक असतो. तो या जाळीवर सतत नजर ठेवतो आणि कोणती जोडणी झाली हे पाहून एक ठराविक अंक पुढे धाडतो. या अंकास ‘स्कॅन-संकेत’ म्हणतात.

आयबीएम कंपनीच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकापासून चालत आलेल्या संकेतावलीत ‘के’ या कळेचा अंक ३७ आहे. कळ सोडली म्हणजे त्यात १२८ मिळवून १६५ हा अंक पाठविला जातो. दाबणे आणि सोडणे या दोन वेगळ्या घटना होत. म्हणूनच एखादी कळ किती वेळ दाबून धरली होती, हे संगणकास कळते.

आता हाच ३७ अंक पाहा. कळफलकाची मांडणी इंग्रजी असेल तर त्यातून रोमन ‘के’ उमटते. मांडणी इनस्क्रिप्ट असेल तर त्याच अंकातून नागरी ‘क’ उमटतो. कळफलकात यत्किंचितही बदल झालेला नसतो. तात्पर्य, कळ केवळ अंक देते. अर्थ नंतर लावला जातो. हे एक तत्त्व ध्यानी धरले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुगम होते.

२. अंकाचा प्रवास

नियंत्रकाकडून निघालेला अंक चार टप्पे ओलांडतो.

पहिला टप्पा लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केलेला हा गाभा यंत्राच्या प्रत्येक भागाशी त्या त्या ड्रायव्हरमार्फत बोलतो. कळफलकाचा ड्रायव्हर आलेल्या स्कॅन-संकेताचे ‘कळ-संकेता’त रूपांतर करतो. स्कॅन-संकेत यंत्रागणिक वेगळा असू शकतो. कळ-संकेत मात्र सर्व यंत्रांसाठी एकच असतो. उदाहरणार्थ, ११३ म्हणजे आवाज बंद, ११४ म्हणजे आवाज कमी, ११५ म्हणजे आवाज अधिक. २२४ म्हणजे उजेड कमी आणि २२५ म्हणजे उजेड अधिक.

दुसरा टप्पा ‘यूडेव्ह’ या उपकरण-व्यवस्थेचा. तिच्याजवळ कोणत्या कंपनीच्या कोणत्या यंत्रात कोणता स्कॅन-संकेत कोणत्या कळेचा मानावा, याची एक नोंदवही असते. तिसरा टप्पा कळफलकाच्या मांडणीचा. ‘क’ की ‘के’ हे येथे ठरते. चौथा टप्पा गनोम, केडीई यांसारख्या पटल-व्यवस्थेचा. ‘आवाज अधिक’ हा संदेश मिळताच प्रत्यक्ष आवाज वाढविणे आणि पडद्यावर तशी पट्टी दाखविणे हे तिचे काम.

यांपैकी एकाही टप्प्यावर खंड पडला तर कळ मुकी भासते. चारही ठिकाणचे दुखणे बाहेरून सारखेच दिसते. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

३. विशेष कळांच्या तीन वाटा

अक्षरांच्या कळांना एकच वाट असते; विशेष कळांना तीन असतात. थिंकपॅड या लॅपटॉपवरून हे चांगले समजते.

काही कळा साध्या कळांप्रमाणेच स्कॅन-संकेत पाठवितात. काही कळांचे काम यंत्रातील फर्मवेअर परस्पर उरकून टाकते. जुन्या थिंकपॅडमध्ये पडद्याच्या वरच्या कडेस कळफलक उजळणारा एक लहान दिवा असे. ‘एफएन’ आणि ‘पेज अप’ या कळा एकत्र दाबताच फर्मवेअर तो स्वतःच लावी. कार्यप्रणालीने त्यात ढवळाढवळ करण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या कळा तिसऱ्या वाटेने जातात. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी ‘एसीपीआय’ नावाचा एक करार प्रसिद्ध केला. फर्मवेअर आणि कार्यप्रणाली यांनी विद्युत्पुरवठा, निद्रा, तापमान इत्यादी बाबतींत एकमेकांशी कसे बोलावे, हे त्यात ठरविले आहे. या वाटेने फर्मवेअर ‘काहीतरी घडले आहे’ एवढी वर्दी देते. काय घडले, हे जाणण्यास त्या कंपनीची बोली समजणारा ड्रायव्हर लागतो.

थिंकपॅडची ही बोली जाणणारा ड्रायव्हर बोरिस्लाव देयानोव्ह यांनी २००४ साली लिहिला. आरंभी त्याचे नाव ‘आयबीएम-एसीपीआय’ होते. २००५ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोव्हो कंपनीकडे गेला, आणि २००७ साली, कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीपासून, ड्रायव्हर ‘थिंकपॅड-एसीपीआय’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आसुस, एचपी, डेल, तोशिबा इत्यादींच्या लॅपटॉपसाठीही असे स्वतंत्र ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत.

‘एफएन’ कळेविषयी येथेच सांगणे इष्ट. पुष्कळ यंत्रांत ही कळ नियंत्रकाच्या घरचीच असते. एकटी दाबली असता ती बाहेर कोणताही अंक पाठवीत नाही. अशा यंत्रात तिला दुसरे काम देणे कार्यप्रणालीच्या हाती नसते. वरच्या ओळीतील कळांनी आधी चित्रातील काम करावे की ‘एफ१’, ‘एफ२’ असे वागावे, हा पर्याय मात्र अनेक यंत्रांत फर्मवेअरच्या मांडणीत मिळतो. काही यंत्रांत ‘एफएन’ व ‘एस्केप’ एकत्र दाबूनही तो बदलता येतो.

४. मायक्रोफोनच्या कळेची कथा

चांगला अंकही वाटेत कसा हरवतो, याचे मायक्रोफोन बंद करण्याची कळ हे उत्तम उदाहरण होय. कर्नलमध्ये तिचा कळ-संकेत २४८ आहे. लिनक्सवर दीर्घकाळ वापरात असलेली ‘एक्स’ ही चित्रपटल-व्यवस्था १९८७ साली तिच्या अकराव्या रूपात स्थिरावली. तिच्या नियमानुसार कळेचा अंक एका बाइटमध्ये मावला पाहिजे, म्हणजे २५५ च्या पुढे जाता कामा नये. शिवाय तिचे अंक ८ पासून सुरू होत असल्याने कर्नलच्या प्रत्येक अंकात ८ मिळविले जातात. २४८ मध्ये ८ मिळविले की २५६ होतात. मर्यादा अवघ्या एकाने ओलांडली जाते! कर्नलला कळ ऐकू येई, ड्रायव्हर निर्दोष असे, तरीही पटल-व्यवस्थेपर्यंत काहीच पोहोचत नसे.

यावर काढलेली युक्ती साधी होती. कळफलकांवर ‘एफ२०’ ही कळ सहसा नसते, पण तिचा १९० हा अंक राखून ठेवलेला आहे. नोंदवहीत मायक्रोफोनच्या कळेस ‘एफ२०’ म्हणावे, आणि मांडणीच्या टप्प्यावर ‘एफ२०’ चा अर्थ ‘मायक्रोफोन बंद’ असा लावावा, असे अनेक यंत्रांसाठी ठरविण्यात आले. १९० अधिक ८ म्हणजे १९८. तो अंक सुखरूप पोहोचतो. वेलँड या नव्या चित्रपटल-व्यवस्थेत ही मर्यादा उरलेली नाही.

ही कळ क्षुल्लक समजू नये. मायक्रोफोन बंद झाला अशी समजूत असून तो चालूच राहिला, तर खाजगी बोलणे परक्या कानी जाते. म्हणून कळेवरील दिव्यावर विसंबण्यापूर्वी मायक्रोफोन खरोखर बंद होतो की नाही, हे ध्वनिमुद्रण करून एकदा पडताळून घ्यावे.

५. कळेचा दोष की कार्याचा दोष?

कधी कधी उजेडाची कळ दाबताच पडद्यावर पट्टी उमटते, पण उजेड तसाच राहतो. येथे कळेने आपले काम चोख केले आहे. दोष पुढचा आहे.

याचे एक कारण मोठे उद्बोधक आहे. यंत्र सुरू होताना फर्मवेअर विचारते, “तू अमुक विंडोज आहेस काय?” लिनक्स त्यास होकार देतो. हा लबाडपणा नव्हे, शहाणपणा आहे. उत्पादक आपली यंत्रे प्रामुख्याने विंडोजवर तपासून पाहतात. होकार दिला तरच फर्मवेअरचा तपासलेला भाग चालतो. परंतु २०१२ साली आलेल्या ‘विंडोज ८’ पासून उजेडाचे नियंत्रण चित्र-ड्रायव्हरने स्वतःकडे घेतले. त्यामुळे काही यंत्रांच्या फर्मवेअरमधील जुनी रीत दुर्लक्षित राहिली, आणि तिच्यावर विसंबलेल्या लिनक्समध्ये उजेड बदलेनासा झाला. अशा यंत्रासाठी कर्नलला ‘एसीपीआय-बॅकलाइट’ हा निर्देश देऊन नियंत्रण चित्र-ड्रायव्हरकडे, उत्पादकाच्या ड्रायव्हरकडे अथवा जुन्या रीतीकडे सोपविता येते. असा निर्देश प्रथम एका वेळेपुरता देऊन पाहावा. गुण आला तरच कायम करावा.

दोन दोषांतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. तेच कार्य उंदराने, पडद्यावरील पट्टी सरकवून करून पाहावे. उजेड बदलला तर कार्य शाबूत असून कळेची वाट अडली आहे. न बदलल्यास कळेच्या मागे लागणे व्यर्थ होय.

६. शोधाची रीत

पुढील साधनांची नावे नागरी लिपीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात. बहुतेकांस प्रशासकाचा अधिकार लागतो.

प्रथम ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन कर्नलची दैनंदिनी वाचावी. तिच्या रोमन नावात डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे आहेत. अनोळखी कळ दाबली गेल्यास कळफलकाचा ड्रायव्हर तेथे तसे स्पष्ट लिहितो, तिचा स्कॅन-संकेत देतो आणि ‘सेटकीकोड्स’ या आज्ञेने तिची ओळख करून देता येईल, असेही सुचवितो. मात्र त्या आज्ञेने केलेला बदल यंत्र बंद होताच पुसला जातो.

त्यानंतर ‘ईव्हीटेस्ट’ हे साधन चालवावे. ते प्रथम यंत्रातील निवेशन-उपकरणांची यादी दाखविते. मुख्य कळफलकाखेरीज ‘व्हिडिओ बस’, ‘थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स’ अशी नावे तीत आढळतात. विशेष कळ यांपैकी कोणत्याही वाटेने येऊ शकते, म्हणून प्रत्येक उपकरण निवडून कळ दाबून पाहावी. अंक दिसला की वाट सापडली. हे साधन दाबलेली प्रत्येक कळ पडद्यावर मांडते. यास्तव ते चालू असता परवलीचा शब्द टंकू नये.

येथेही काही न दिसल्यास ‘एसीपीआय-लिसन’ लावून एसीपीआयची वर्दी येते का ते पाहावे. वर्दी येत असून कळ-संकेत मिळत नसेल, तर बहुधा योग्य ड्रायव्हरची उणीव आहे. वर्दीही नसेल, तर ते काम फर्मवेअरच परस्पर करीत असण्याचा संभव आहे.

बिनतारी संपर्काच्या कळेसाठी ‘आरएफकिल’ हे वेगळे साधन आहे. संपर्क आज्ञेने बंद आहे की प्रत्यक्ष खटक्याने, हे ते सांगते. आज्ञेने बंद असलेला संपर्क आज्ञेने उघडतो. खटक्याने बंद केलेला मात्र खटकाच उघडू शकतो.

७. नोंद कशी करावी?

स्कॅन-संकेत मिळतो पण कळ-संकेत चुकीचा आहे, असे आढळल्यास यूडेव्हच्या नोंदवहीत भर घालावी. प्रणालीची मूळ नोंदवही बदलू नये, कारण पुढील अद्ययावतीकरणात तो बदल नाहीसा होतो. ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील यूडेव्हच्या ‘एचडब्ल्यूडीबी.डी’ या कप्प्यात स्वतंत्र धारिका करावी. नोंदीच्या पहिल्या ओळीत यंत्राच्या उत्पादकाचे व नमुन्याचे नाव असते. दुसऱ्या ओळीच्या आरंभी एक जागा मोकळी सोडून षोडशमान पद्धतीतील स्कॅन-संकेत आणि त्यापुढे कळेचे नाव लिहितात. ती मोकळी जागा विसरल्यास नोंद वाचली जात नाही. शेवटी नोंदवही पुन्हा बांधण्याची व यूडेव्हला जागे करण्याची, अशा दोन आज्ञा दिल्या की बदल अमलात येतो.

काम येथे थांबविले तर एक यंत्र सुधारते. तीच नोंद मूळ नोंदवही सांभाळणाऱ्यांकडे पाठविल्यास, ती स्वीकृत झाल्यावर, त्या नमुन्याच्या प्रत्येक यंत्रावर पुढील आवृत्तीत ती कळ आपोआप चालू लागते. नोंदवहीतील कित्येक ओळी अशाच रीतीने, एकेका वापरकर्त्याच्या शोधातून जमा झालेल्या आहेत. मुक्तस्रोत या शब्दाचा व्यावहारिक अर्थ हाच होय : एकाने लावलेला अर्थ सर्वांच्या कामी येतो.

स्वाध्याय

१. ‘के’ ही कळ दाबली असता रोमन अक्षर उमटावे की नागरी, हे चारपैकी कोणत्या टप्प्यावर ठरते?
२. एका कळेचा कर्नलमधील अंक ५३० आहे. ‘एक्स’ व्यवस्थेत ती का पोहोचणार नाही? कोणत्या युक्तीने पोहोचविता येईल?
३. आपल्या यंत्रातील तीन विशेष कळा निवडून प्रत्येक कळ कोणत्या वाटेने येते ते ‘ईव्हीटेस्ट’च्या साहाय्याने शोधा व लिहून ठेवा.