हुकमाविना कारभार: प्रॉडक्ट मॅनेजरच्या हुद्द्याविषयी

सुशिक्षित मराठी घरातील मुलगा बंगळुरास नोकरीला राहिला, तर आईवडिलांना त्याचे आता अप्रूप उरलेले नाही; कारण सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली त्या नगरीत विमानांचा कारखाना उभारला, लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली तेथेच किर्लोस्कर इलेक्ट्रिकची स्थापना केली, आणि १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपले केंद्र उघडल्यानंतरच्या चार दशकांत संगणकविद्येच्या उमेदवारांची तर तिकडे रीघच लागली. चिंता उत्पन्न होते ती निराळ्या कारणाने. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा एके दिवशी फोनवरून कळवितो, की कोडिंग सोडून आपण प्रॉडक्ट मॅनेजर होऊ इच्छितो. आणि मग हा हुद्दा कोणता, हाताखाली माणसे किती, पुढे बढती आहे की नाही, आणि एवढे शिक्षण फुकट तर जाणार नाही ना, असे प्रश्न घरात घोळू लागतात.

हाताखाली माणसे किती, या प्रश्नाचे उत्तर प्रथमच देऊन टाकावे हे बरे: आरंभीची काही वर्षे बहुधा एकही नाही. इंजिनिअर आपल्या वरिष्ठाला जबाबदार, डिझायनर आपल्या. प्रॉडक्ट मॅनेजरला यांपैकी कोणावरही हुकूम गाजविता येत नाही. तथापि अॅपमध्ये काय असावे, ते कोणासाठी, आधी काय, मागाहून काय, आणि मुख्यत्वेकरून काय मुळीच नसावे, याचा निर्णय त्याने करावयाचा, आणि वस्तू लोकांच्या पसंतीस उतरली नाही, तर जाबही त्यानेच द्यावयाचा. या व्यवस्थेचे मूळ संगणकात नसून साबणात आहे. सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणाने १९३१ साली तीन पृष्ठांचे टिपण लिहून, प्रत्येक मालाच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी स्वतंत्रपणे वाहणारी माणसे नेमावीत, अशी तजवीज सुचविली. ती कंपनीने मान्य केली, आणि पुढे ती संगणकाच्या व्यवसायातही रुजली. गूगलने २००२ साली नवपदवीधरांना थेट या कामात घेण्याची योजना सुरू केल्यावर त्याला कोवळ्या वयातील महत्त्वाकांक्षेचे रूप आले.

प्रत्यक्ष काम कसे असते, हे समजण्यास बंगळुरातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. २००५ च्या दिवाळीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील फणींद्र सामा या इंजिनिअरला हैदराबादला घरी जाण्यासाठी बसचे तिकीट मिळाले नाही. त्या काळी एजंट एकेका बसमालकाला फोन करून आसन शिल्लक आहे का, हे विचारीत असे. त्यामुळे एका बसमध्ये जागा रिकामी आणि दुसऱ्या दुकानी प्रवासी निराश परतलेला, असा प्रकार सहज घडे. सामांनी एजंट आणि बसमालक यांना गाठून हा व्यवहार समजून घेतला, आणि उणीव बसची नसून माहितीची आहे, हे ध्यानी आल्यावर दोन मित्रांसह २००६ साली रेडबस सुरू केली. कोड लिहिणारे त्या शहरात पुष्कळ होते. अडचण नेमकी कोठे आहे, हे शोधण्यासाठी दुकानोदुकानी हिंडण्याची तयारी मात्र विरळा होती.

मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला हवा असेल, तर तो लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आहे. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला, तेव्हा यंत्रांच्या रेखाटनाकडे वळून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. आणि पुढे ती नोकरी सोडून बेळगावास येऊन त्यांनी लोखंडी नांगर घडविला. नांगर उत्तम होता, परंतु लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी समजूत असल्याने पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. वस्तू निर्दोष असणे आणि ती घेणाऱ्याच्या मनातील शंका फिटणे, ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचा बहुतांश दिवस या दुसऱ्या कामात जातो. एक वाट बंद झाली म्हणून आधीचे शिक्षण वाया गेले नाही, हेही पालकांनी याच चरित्रातून घ्यावे.

मार्गाविषयी सांगावयाचे, तर या हुद्द्याला अमुकच पदवीची सनद लागत नाही. अभियांत्रिकीनंतर तीन-चार वर्षे कोडिंग, टेस्टिंग किंवा डेटाचे काम करून त्याच कंपनीत बदली मागणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. दुसरा मार्ग कॅट परीक्षा देऊन व्यवस्थापनशास्त्राकडे जाण्याचा. त्यासाठी १९७३ पासून चालत असलेली आयआयएम बंगळुरातच आहे. चित्रकलेची आवड असणाऱ्याने बारावीलाच मुंबई आयआयटी घेत असलेल्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेचा विचार करावा, कारण डिझायनरही पुढे या कामात येतात. असोसिएट, प्रॉडक्ट मॅनेजर, सीनिअर, ग्रुप, डायरेक्टर अशी बढतीची पायरी बऱ्याच कंपन्यांत असते, परंतु हुद्द्यांची नावे आणि अधिकार कंपनीगणिक बदलतात. भरमसाट शुल्क घेऊन काही आठवड्यांत प्रॉडक्ट मॅनेजर घडविण्याची हमी देणाऱ्या शिकवण्यांपासून मात्र सावध असावे. ते प्रमाणपत्र अनुभवाची जागा घेत नाही.

ज्याला यंत्र उघडून पाहण्यातच आनंद वाटतो, त्याने इंजिनिअरच राहावे. त्यात कमीपणा नाही, आणि वरिष्ठ इंजिनिअरचा मान व वेतन दोन्ही मोठी असतात. प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामास तो योग्य, ज्याला यंत्र वापरताना अडखळणाऱ्या माणसाविषयी कुतूहल वाटते, आणि नकार देताना किंवा ऐकताना ज्याचा तोल जात नाही. ही परीक्षा सुट्टीतच घेता येते. एसटीचे आरक्षण, तालुक्याच्या दवाखान्यातील केसपेपरची खिडकी किंवा बँकेचे अॅप, यांपैकी एखादी सोय निवडावी. ती वापरणाऱ्या दहा माणसांजवळ बसून ही माणसे कोठे अडतात, हे मुकाट्याने टिपावे, आणि पहिली दुरुस्ती कोणती व तीच का, हे एका पानात शुद्ध मराठीत लिहावे. हे करताना कंटाळा आला, तर वेळीच उमगले असे समजावे.

नोकरीचे पत्र हाती आल्यावर पालकांनी पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: वस्तू कोणती, ती वापरणारे कोण, आणि ज्याच्याकडून काम शिकावयाचे तो वरिष्ठ कोण. मुलाला तिन्हींची उत्तरे स्वच्छ देता आली, तर निःशंक मनाने संमती द्यावी. देता आली नाहीत, तर आणखी दोन वर्षे इंजिनिअर म्हणून राहण्याचा सल्ला द्यावा, कारण या हुद्द्याला वयाची घाई नाही.